पारबताच्या नावावरची नऊ शून्ये

“सानगडी परिसरातील एका गंभीर रुग्ण महिलेचा शोध प्रकल्पाच्या दक्षता-यंत्रणेमुळे वेळीच लागला. पाठपुराव्याच्या मुलाखतीत तिने दिलेल्या उत्तरांवरून धोका लक्षात येताच स्थानिक तज्ज्ञांना तातडीने तिच्या घरी पाठवण्यात आले.”

प्रकल्पाच्या सांगता समारंभात वाटलेल्या स्मरणिकेतला हा मजकूर आहे. त्यातील ‘स्थानिक तज्ज्ञ’ म्हणजे मी. या दोन वाक्यांतले एकच विधान खरे आहे. महिला गंभीर होती. बाकीचे खोटे आहे, आणि ते मी सप्रमाण दाखवणार आहे. हाच प्रकल्प याच पद्धतीने आणखी काही तालुक्यांत राबवला जाणार असल्याचे त्याच स्मरणिकेत छापले आहे. नाहीतर मी कागद-पेन हाती घेतले नसते.

मी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आहे. लोक मला ‘डोक्याचे डॉक्टर’ म्हणतात. ते चूक आहे. औषधे लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ. मी चाचण्या घेतो, निदानाला मदत करतो आणि बोलून उपचार करतो. सरकारी नोकरीत हेच काम मी एकतीस वर्षे केले. निवृत्तीनंतर पुण्याच्या एका संशोधन संस्थेने मला स्थानिक सुपरवायझर म्हणून बोलावले. प्रकल्पप्रमुख होते डॉ. केतकर. हुशार माणूस, कामाला चोख. त्यांच्याशी माझे भांडण झाले. पण ते लबाड आहेत असे मी तेव्हाही म्हटले नाही, आजही म्हणत नाही.

प्रकल्प साधा होता. नैराश्य असलेल्या स्त्रियांना गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्तीने सहा सेशन द्यायची. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो आणि कामे सुटली की आणखी खचतो. म्हणून छोटी छोटी कामे ठरवायची, ती करायची आणि वहीत लिहायची, असा हा उपचार. चिठ्ठ्या टाकून निम्मी गावे या उपचाराला निवडली. उरलेल्या गावांना नेहमीचा उपचार. आधी आणि नंतर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली. झोप, भूक, थकवा, मन लागणे न लागणे असे आठ प्रश्न. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. शून्य म्हणजे ‘अजिबात नाही’, तीन म्हणजे ‘जवळजवळ रोज’. नवव्याला शून्याखेरीज काहीही आले, तर त्याच दिवशी तज्ज्ञाने त्या बाईला भेटायचे. स्मरणिकेत ज्याला ‘दक्षता-यंत्रणा’ म्हटले आहे, ती एवढीच.

नंतरच्या मुलाखतीला फॉलोअप म्हणतात. तो घेणारी मुलगी नवीन असावी लागते. कोणाला कोणता उपचार मिळाला हे तिला ठाऊक नसते. ठाऊक असले तर तिच्या मनाचा कल नकळत आकड्यांत उतरतो. हा नियम उत्तम आहे आणि तो कोणी मोडला असता तर मीच पहिला ओरडलो असतो. आमच्याकडे फॉलोअपसाठी पवनीची प्रणाली नेमली होती. एम.ए. झालेली, नेमस्त, फॉर्ममध्ये खाडाखोड न करणारी मुलगी.

फॉलोअप कुठे घ्यायचा हा प्रश्न आला. घरोघरी फिरायला माणसे नव्हती. सल्ला मी दिला: सानगडीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी तिथेच एक खोली घ्या. बाया बाजाराला येतातच, फक्त आपल्या नंबरचा कागद सोबत आणायचा. बोलावणे लागत नाही. सर्वांनी मान्य केले. स्मरणिकेत या सल्ल्याचा उल्लेख नाही. मी तो करतो आहे, कारण पुढे जे बिघडले त्याचा पहिला खिळा माझा होता. हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगितलेले बरे.

चार बाजार झाले. धान कापणीचे दिवस होते, तरी बाया आल्या. आकडे चांगले दिसू लागले. उपचाराच्या गावांतले स्कोअर भराभर उतरले होते. डॉ. केतकरांचा फोन आला. आवाजात आनंद होता.

“लांजेवार सर, अभिनंदन. काम बंद करायला हरकत नाही.”

“अकरा बाया आलेल्या नाहीत,” मी म्हटले.

“ड्रॉपआउट. ते असतातच, सर. कोणत्याही ट्रायलमध्ये असतात. आम्ही तेवढे आधीच गृहीत धरले होते.”

“किती येणार नाहीत ते धरले होते. का येणार नाहीत ते धरले नव्हते.”

“सर, हे क्लिनिक नाही. ट्रायल आहे.”

“ट्रायल कशासाठी करतात? क्लिनिकसाठीच ना?”

 मग ते म्हणाले, “प्रोटोकॉलमध्ये घरभेट नाही. काही जणींचा फॉर्म घरी भरला आणि काही जणींचा बाजारात, तर तुलना बिघडेल.”

मुद्दा बरोबर होता. माझाही बरोबर होता. माझ्या खात्यात एक जुनी रीत होती. वेळ दिलेला रुग्ण आला नाही की त्याचा कागद वर काढायचा. जो येतो तो निदान येण्याइतका बरा आहे. जो येत नाही त्याचे काही कळलेले नसते. संशोधनात गैरहजर माणूस म्हणजे रिकामी चौकट. दवाखान्यात तोच पहिला रुग्ण. शिवाय आमच्याकडची बाई बाजार सहसा चुकवत नाही. भाजी, मीठ, माहेरचा निरोप, ओळखीचे चेहरे हे सगळे तिला तिथे मिळते. बाजार चुकवणारी बाई नऊ प्रश्नांत मावणार नाही असे काहीतरी सांगत असते. हे मला सल्ला देतानाच सुचायला हवे होते.

“मी जाणार आहे,” मी म्हटले. “दोन्ही गटांतल्या बायांकडे जाईन. तुलना बिघडणार नाही.”

“स्वतःच्या जबाबदारीवर जा. फॉर्म भरू नका.”

हे त्यांचे शब्द आहेत. ‘पाठवण्यात आले’ या क्रियापदाचे मूळ वाचकांनी यात शोधावे.

प्रणालीने सुट्टी टाकली आणि तिची स्कूटी आणली. मी मागे बसलो. माझ्या वयाला ते शोभत नव्हते. त्यावर गावोगाव जे बोलले गेले ते इथे देण्याची गरज नाही.

अकरा जणींपैकी तिघी कापणीच्या मजुरीला दुसऱ्या गावी गेल्या होत्या. एक लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. उरलेल्या घरीच सापडल्या. त्यांना ताप-दुखणे नव्हते, काम नव्हते, अडचण नव्हती. त्या फक्त गेल्या नव्हत्या. एकीने दाराआडूनच विचारले, “बाजाराले कायले जाऊ जी? कोनाले तोंड दाखवू?” मी फॉर्म भरले नाहीत. नोंदी घेतल्या, कोणाला दवाखान्यात यायला हवे ते सांगितले.

यादीतले शेवटचे नाव सकुनबाईंचे. त्यांच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या उघड्या पडवीत, आम्ही बसलो. सकुनबाई कमी बोलत होत्या. शेजारच्या घरातून एक बाई कमरेवर हात ठेवून आली. ठसठशीत कुंकू, हातात विळा, आवाज मोठा. नाव भागरथा.

“काय जी, तुमी फारमवालेच न?” तिने विचारले. “सकुनले कायले तरास देऊन राहिले? आमच्या घरचा पाहा, कवाच झाला.”

प्रणालीने यादी पाहिली. “मावशी, तुमचं नाव तर यादीत नाही.”

“माह्या नावाचा नाई वं बाई. पारबताचा. माही जाऊ. थे काही उठत नव्हती. म्या म्हटलं, कागद वाया जाईन. घेतला कागद आन आली बाजाराले. तूच तं होती खुर्चीवर! ओरखलं नाई का मले?”

प्रणालीने तिच्याकडे नीट पाहिले. मग वही बंद केली.

“तुमी पारबताच्या नावानं उत्तरं दिली?” मी विचारले.

“मंग? राशनले जात नाई का घरून एक? ग्रामसभेले जात नाई का घरून एक? कागद घरचा, मी घरची.”

“आन सांगतलं काय?”

“काय सांगाचं? झोप लागते का, लागते. भूक लागते का, लागते. सप्पा बेस आहे म्हटलं. घरची गोस्ट बाजारात सांगाची असते का जी?” मग तिने अंगठा पुढे करून मला दाखवला. “मले लिवता येत नाई म्हटलं, तं थिनं अंगठा घेतला. चार दिवस शाई नाई निंगली. वरून पोट्टे हासत.”

सकुनबाई हसल्या. त्या सकाळी पहिल्यांदाच हसल्या. प्रणाली हसली नाही.

इथे दुसरी एक आवृत्ती खोडून काढतो. गावात आजही काही जण म्हणतात की भागरथाने जाणूनबुजून जावेचा आजार लपवला. ते साफ खोटे आहे. तिला जे बोलावणे वाटले, त्याला ती घराच्या वतीने गेली. घराची अब्रू सांभाळून उत्तरे दिली. चूक पद्धतीची होती. ओळख पटवायला आम्ही नंबर लिहिलेला कागद मागत होतो. कागद खरा होता. चेहरा ओळखणारे तिथे कोणी नव्हते आणि नियमाप्रमाणे कोणी असायलाही नको होते. घरून एकाने जायचे, ही इथली रीत. ती मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मला ती आठवली नाही.

“पारबता कुठे आहे?” मी विचारले.

“आतच आहे. कुठं जाईन?”

पारबता मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. वय तिशीच्या आतले. हे तिचे खरे नाव नाही. तिच्या संमतीने लिहितो आहे. उशाशी उपचाराची वही होती. मी ती विचारून उघडली. पहिली पाने भरलेली. अक्षर वळणदार, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि त्याचा अभिमान असलेल्या मुलीचे. ‘अंगण झाडलं.’ ‘लेकीची वेणी-फणी केली, लेकानंही डोकं पुढं केलं’ अशी एक गंमतही लिहिलेली होती. शेवटची नोंद ‘बोडीवर धुणं धुतलं’. बोडी म्हणजे गावची लहान तळी. त्यापुढे कोरी पाने. चौथ्या सेशननंतर तिने जाणे बंद केले होते आणि कार्यकर्तीने ‘घरी कामात’ असा शेरा मारला होता.

मी जमिनीवर बसलो.  मग म्हटले, “बाजाराले काहून नाही गेली, बेटा?”

उत्तर आले. तोंड भिंतीकडेच होते.

“मी नाई गेली तरी बाजार भरतेच न जी.”

“हो. भरते.”

“घरबी चालन तसंच.”

अशा वेळी सामान्य माणूस विषय बदलतो. त्याला वाटते, विचारले तर नको ते मनात भरेल. असे होत नाही. सरळ विचारल्याने विचार येत नाही. तो आधीच आलेला असतो, आणि कोणी विचारले की तो एकट्याने सांभाळावा लागत नाही. म्हणून मी नववा प्रश्न जसा आहे तसा विचारला. मरून जावे असे मनात येते का, आणि गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस.

तिने तोंड फिरवले. माझ्याकडे पाहिले.

“रोज,” ती म्हणाली. मग, “कोनी विचारलंच नाई.”

दाराशी उभ्या असलेल्या भागरथाच्या हातातला विळा खाली पडला.

पुढचे काम यांत्रिक असते आणि तसेच असावे. तिला क्षणभरही एकटे सोडायचे नाही हे घरच्यांना सांगितले. घातक वस्तू घरातून हलवायला लावल्या. नवऱ्याला बांधीवरून, म्हणजे धानाच्या शेतातून, बोलावले. तो चिखलाच्या पायांनी आला आणि अंगणातच थांबला.

“सर, डोक्याच्या दवाखान्यात नेलं, तं लोक काय म्हनतीन?”

मी उत्तर देणार, तेवढ्यात भागरथाच बोलली. “लोकाईले मी पाहून घेते भाऊजी! थे मरून राहिली आन तुमाले लोक सुचून राहिले? गाडी पाहा आंधी.”

दुपार कलायच्या आत आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात होतो. मानसोपचारतज्ज्ञाने तिला दाखल करून घेतले. औषधे सुरू झाली. भागरथा आठ दिवस तिच्या खाटेजवळून हलली नाही. घरची कापणी शेजाऱ्यांनी केली. औषधाला अवधी लागतो, हे मी तिला चार वेळा समजावले. चारही वेळा तिने विचारले, “आजच्यानं फरक पडन का?”

डॉ. केतकरांना मी त्याच संध्याकाळी फोन केला.

“तिचा फॉर्म तर डेटात आहे,” ते म्हणाले. “नऊ शून्यं. आपल्या सगळ्यात चांगल्या केसेसपैकी एक.”

“ती चांगली केस सध्या वॉर्डात आहे. फॉर्म तिच्या जावेचा आहे.”

“असं कसं होईल? नंबर जुळतोय.”

“नंबर जुळतो. बाई जुळत नाही.”

त्यानंतर जे झाले त्याबद्दल केतकरांना श्रेय द्यायलाच हवे. ते स्वतः आले. प्रत्येक फॉलोअप पुन्हा तपासला गेला; घरून दुसरीच कोणी आल्याची आणखी काही प्रकरणे निघाली. न आलेल्या बायांच्या घरी जाऊन, दोन्ही गटांत सारख्याच पद्धतीने, मुलाखती झाल्या. ज्या बाईला उपचार द्यायचे ठरले ती उपचार अर्धवट सोडून गेली तरी तिला निकालात धरायचे, असा संशोधनातला एक कडक नियम आहे. तो त्यांनी पाळला. काम तीन आठवडे लांबले. ‘लांजेवारांच्या हट्टापायी’ लांबले, असे पुण्यात म्हटले गेल्याचे मला कळले. ते बरोबर आहे. मी ते मान्य करतो.

निकाल आधीच्यापेक्षा लहान निघाला. उपचाराचा फायदा होत होता. पण फोनवरच्या अभिनंदनाइतका नाही. आणि अर्धवट सोडणाऱ्या बायांना कार्यकर्तीने घरी जाऊन परत आणले तर काय, हा पुढचा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. माझ्या मते प्रकल्पातून निघालेली सर्वांत उपयोगी गोष्ट तीच. स्मरणिकेत तिला एक ओळ मिळाली आहे.

पारबताला बरे व्हायला वर्ष गेले. मधे एकदा ती पुन्हा घसरली. तेव्हा भागरथाच तिला घेऊन आली. उरलेली दोन सेशन मी स्वतः घेतली. आता ती धानाच्या रोवणीला जाते, बाजारालाही जाते. आजार पूर्ण गेला का, हे मी सांगणार नाही. त्याला अजून काळ जावा लागेल.

तिसरी आवृत्ती माझ्या स्तुतीची आहे आणि तीही चूक आहे. सानगडीकडचे लोक सांगतात की लांजेवार सर दारातून पाहूनच ओळखतात, त्यांना घराकडे जाताच कळले. मला काही कळले नव्हते. तिचे नाव माझ्या यादीत नव्हते. यादीप्रमाणे ती बरी झालेली होती. मी शेजारच्या घरी गेलो होतो. भागरथा अंगठा दाखवायला आली नसती, तर चहा घेऊन मी स्कूटीवर बसून परतलो असतो. जे घडले ते कौशल्याने घडले नाही. न आलेल्यांच्या घरी जायचे, या जुन्या सवयीने घडले. सवय शिकवता येते. म्हणून हे सांगणे आवश्यक आहे.

आता मूळ मुद्दा. स्मरणिकेतला मजकूर ज्यांनी लिहिला, त्यांना मी पत्र पाठवले. उत्तर आले की नोंदींनुसार संबंधित महिलेची मुलाखत बाजाराच्या दिवशी झालेली आहे, त्यानंतर काही दिवसांनी घरभेट झाली आहे, आणि या क्रमावरून मुलाखतीमुळेच भेट झाली असा निष्कर्ष योग्य ठरतो. पुढे असेही होते की सरांच्या वयाचा आदर राखूनही त्यांच्या आठवणीपेक्षा कागदावर विसंबणे भाग आहे.

माझ्या आठवणीवर कोणी विसंबू नये. कागदावरच विसंबावे. माझ्याजवळ त्या कागदांची प्रत नाही. रुग्णाचे कागद घरी ठेवणे नियमबाह्य आहे आणि मी नियम मोडत नाही. मूळ कागद, उपचाराआधीचा फॉर्म आणि फॉलोअपचा फॉर्म, पुण्याला त्यांच्याच कपाटात, एकाच नंबराखाली आहेत. ते दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवावेत.

पहिल्या कागदावर वळणदार अक्षरात पूर्ण नावाची सही आहे. दुसऱ्यावर अंगठा आहे.